अम्मीची वही आणि आमचा हज

आमचं नाव पक्कं झाल्याचा मेसेज आला त्या संध्याकाळी अम्मीनं माझ्याकडे एक वही मागितली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते, घरात कोऱ्या वह्या पडलेल्याच असतात, मला वाटलं सामानाची यादी करायची असेल. तिनं चष्मा लावला आणि पहिल्या पानावर उर्दूत नावं लिहायला घेतली. किराणावाला, जुनी घरमालकीण, शेजारच्या काकू, अब्बांच्या ऑफिसातले एक साहेब, माझी धाकटी बहीण, मी. माझं नाव कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, तुला लहानपणी एकदा विनाकारण मारलं होतं, तू विसरली असशील, मी नाही विसरली.

हजहून आल्यापासून लोक विचारतात कसा झाला, गर्दी किती होती, ऊन किती होतं. ते सगळं सांगते, पण मला खरं सांगायचं आहे ते या वहीबद्दल, कारण आमचा हज मक्केत नाही, नागपूरच्या मोमीनपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सुरू झाला.

थोडं मागचं सांगते. 2020 च्या हजसाठी अम्मी-अब्बांचा नंबर लागला होता. मग कोरोना आला, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आपल्याकडून कुणालाच जाता आलं नाही, पैसे परत आले. 2021 च्या दुसऱ्या लाटेत अब्बा गेले. 2022 ला हज उघडला तर 65 च्या आतलेच जाऊ शकत होते, अम्मी बाहेर. परत आलेल्या त्या पैशांना तिनं हात लावला नाही, अगदी माझ्या ऑपरेशनच्या वेळीही नाही, आणि मला तेव्हा राग आला होता हे मी लपवत नाही. 2023 ला वयाची अट निघाली तेव्हा अम्मी 71 ची आणि मी 48 ची.

अडचण मेहरमची होती. मेहरम म्हणजे बाईसोबत प्रवासात चालेल असा पुरुष, नवरा किंवा ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही असा नातेवाईक. माझं लग्न झालेलं नाही, भाऊ नाही, धाकटीचा नवरा अम्मीला मेहरम लागतो पण मला लागत नाही. 45 च्या वरच्या बायकांना मेहरमशिवाय जाता येईल अशी सोय भारतात 2018 पासून झाली आहे, आणि 2023 ला त्यात चार हजारांवर बायका गेल्या, आम्ही दोघी त्यातल्या. यावर मोहल्ल्यात बरंच बोलणं झालं. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी, त्या मतात बाईनं मेहरमशिवाय एवढा लांबचा प्रवास करू नये असं मानतात, कोकणातले मुस्लिम शाफई, त्यांच्यात भरवशाच्या बायकांच्या सोबतीनं फर्ज, म्हणजे बंधनकारक, हज करता येतो. एका बुजुर्गांनी अम्मीला घरी येऊन समजावलं की तुमच्यावर फर्जच नाही तर काहून जाता. अम्मी त्यांना चहा देऊन म्हणाली, ज्याच्या घरी जायचं त्यानं बोलावलं तर मी दारात उभी राहून कुणाला विचारू? मी तिच्याइतकी शांत नव्हते. मला अजूनही वाटतं की ज्या बाईला मागे कुणी नाही तिला हजपासून लांब ठेवणं बरोबर नाही.

फॉर्म सोपा होता, मोबाईलवरच भरला, सत्तरीच्या वरच्यांना आणि मेहरम नसलेल्या बायकांना कुर्रा, म्हणजे नावांची सोडत, नव्हती म्हणून ती धाकधूक वाचली. पैशांचं मात्र जड गेलं, माणशी साडेतीन लाखांच्या वर, आणि नागपूरहून उडायचं तर मुंबईपेक्षा साठ हजारांच्या आसपास जास्त. माझ्या गल्लीतलं एक जोडपं तेवढ्यासाठी मुंबईहून गेलं. आम्हाला ते जमणारं नव्हतं, अम्मीच्या गुडघ्यांनी रेल्वेचा एक प्रवास कमी झालेलाच बरा. हजच्या पैशाचा नियम असा की कमाई हलालची हवी, अंगावर देणं असेल तर आधी ते फेडा नाहीतर देणेकऱ्याला विचारून जा, आणि मागे राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय करून जा. हज आयुष्यात एकदाच फर्ज आहे आणि तोही ज्याला झेपेल त्याच्यावरच, कुराणात तसं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे कर्ज काढून, उसनवारी करून जायची गोष्टच नाही ही. माझं पतसंस्थेचं कर्ज होतं, पाच हप्ते बाकी, ते एकदम भरले, त्यासाठी एक बांगडी मोडली.

मग ट्रेनिंग कॅम्प झाले. तिथं पुठ्ठ्याचा काबा ठेवून सात फेरे कसे मारायचे ते दाखवतात, मेंदुज्वराची लस, पोलिओचे थेंब, बॅगेवर कव्हर नंबर, म्हणजे आपल्या अर्जाचा नंबर, कसा लिहायचा, हरवलं तर काय करायचं. आणि एक गोष्ट तीन-तीनदा बजावतात, खसखस नेऊ नका, सौदीत ती अफूत धरतात. आता आपल्या नागपुरी मसाल्यात खसखस असतेच. अम्मीनं दोन किलो मसाला आधीच कुटून पुड्या बांधून ठेवलेला, सगळा बाजूला काढला आणि परत धने, खोबरं, तीळ भाजायला बसली. तो जुना मसाला काकूंना दिला आणि वहीतल्या त्यांच्या नावापुढे टिक केली, म्हणाली, हिच्याकडून मी वर्षानुवर्षं वाट्या नेल्या, किती परत केल्या ते आठवत नाही.

वहीचं कारण हे. इस्लाममध्ये दोन प्रकारचे हक मानतात, अल्लाहचे आणि बंद्यांचे. नमाज चुकली, रोजा सुटला, हे तुमचं आणि अल्लाहचं, तो माफ करायला बसलेलाच आहे. पण तुम्ही कुणाचे पैसे बुडवले, कुणाची बदनामी केली, कुणाचं मन दुखवलं, तर ते त्या माणसानं माफ केल्याशिवाय सुटत नाही, काब्याभोवती कितीही फिरा. म्हणून हजला निघणारा माणूस दारोदार जाऊन म्हणतो, कहा-सुना माफ करना. आता हे बरंचसं रिवाज झालंय, व्हॉट्सअपवर फॉरवर्ड केलं की झालं, सगळ्यांना एकच मेसेज. मलाही तसंच करायचं होतं. अम्मीनं करू दिलं नाही. ज्याचं नाव वहीत त्याच्या घरी जायचं आणि नेमकं काय चुकलं ते बोलून माफी मागायची, हा तिचा नियम. मार्च ते जून आम्ही हेच करत होतो, शाळा सुटली की ऑटो, कधी इतवारी, कधी गिट्टीखदान, कधी जाफरनगर. जुनी घरमालकीण तर आता ओळखतही नाही, तिची सून म्हणाली यांना काही आठवत नाही हो, तरी अम्मी तिच्या पलंगाजवळ बसली आणि 1988 साली नळाच्या पाण्यावरून झालेलं भांडण तिला पूर्ण सांगितलं.

शेवटचं नाव कामठीचं होतं, चाचीचं. आजोबांच्या घराच्या वाट्यावरून अब्बा आणि चाचांचं बिनसलं होतं, त्यात चुकलं चाचांचंच हे मी आजही म्हणेन, कागद मी स्वतः वाचलेत. पण त्या काळात एका लग्नात, भरल्या मांडवात, अम्मी चाचीला चोराची बायको म्हणाली होती. त्याला तेरा वर्षं झाली. त्यानंतर दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत, अब्बांच्या मयतीला कोरोनामुळे कुणीच आलं नव्हतं, म्हणून चाची नाही आली की येणारच नव्हती ते कळायला मार्ग नाही.

मी जायला तयार नव्हते. म्हटलं, वाटा त्यांनी खाल्ला आणि माफी आपण मागायची? अम्मी बस स्टॉपवर उभी राहून म्हणाली, त्यांनी खाल्लं ते त्यांचं, मी बोलले ते माझं, मी माझं घेऊन निघालीये.

चाचीनं दार उघडलं, बसा म्हणाली नाही. अम्मी उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभी राहिली आणि जसं घडलं तसं बोलली, कुठलं लग्न, कोण कोण होतं, कोणता शब्द. तो शब्द तिनं परत उच्चारला तेव्हा चाचीचा हात कडीवर होता, तो तिथेच राहिला. मग चाची म्हणाली, जा, माफ केलं. एवढंच. दार लागलं. परत येताना बसमध्ये अम्मी खिडकीकडे तोंड करून बसली आणि नागपूर येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर वही उघडली, चाचीच्या नावापुढे टिक केली नाही, वही तशीच मिटली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. आदल्या रात्री ताजबागला जाऊन आलो, अम्मी दर गुरुवारी ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात जातेच. काही लोक विचारतात दर्ग्याला जाणं आणि हज एकच का, तर नाही, दर्ग्याला जाणं ही जियारत, मन ओढ घेतं म्हणून जातो, वर्षात कधीही. हजला जागा ठरलेली, जिल्हज महिन्याच्या 8 ते 12-13 याच तारखा ठरलेल्या, आणि कोणत्या तारखेला कुठं असायचं तेही ठरलेलं, त्यात आपली मर्जी चालत नाही. निरोपाला अर्धा मोहल्ला जमला, हार, फुलं, रडारड. काकूंनी अम्मीच्या हातात एक चिठ्ठी दिली, नातवाच्या नोकरीसाठी दुआ कर म्हणून.

आमचं विमान जेद्दाहला होतं म्हणून एहराम, म्हणजे हजचा वेश आणि त्याचे नियम, घरूनच. पुरुषांना दोन पांढरी बिनशिवलेली कापडं, एक कमरेला एक खांद्यावर, कलेक्टर असो की हमाल. बायकांना आपले साधे कपडेच, फक्त चेहरा उघडा ठेवायचा. एकदा नियत केली की सुगंधी साबण नाही, नखं-केस कापायचे नाहीत, शिकार नाही, भांडण नाही. विमानात मीकात जवळ आल्याची घोषणा झाली, मीकात म्हणजे ज्या हद्दीच्या पुढं एहरामशिवाय जाता येत नाही ती, आणि सगळ्या विमानातून एकदम आवाज उठला, लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक, हजर आहे, या अल्लाह, मी हजर आहे. मी शाळेत हजेरी घेते रोज. पोरं म्हणतात ना, हजर बाई, तसंच, पण त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा आला तो जेद्दाह येईपर्यंत गेला नाही.

मक्केत आमची बिल्डिंग अझीझियात होती, मेहरम नसलेल्या बायकांची वेगळी. खोलीत आम्ही चौघी, एक यवतमाळची, एक हैदराबादची, यवतमाळच्या आपांशी मी मराठीत बोलायची तर हैदराबादच्या खाला म्हणायच्या, क्या बोल रैं तुम लोगां. पहिला उमरा, म्हणजे हजआधीची काब्याची छोटी यात्रा, रात्री केला. काबा दिसला तेव्हा अम्मी काही बोललीच नाही, पहिल्या नजरेला मागितलेली दुआ कबूल होते म्हणून तिनं महिनाभर दुआ पाठ केलेली, मी हळूच म्हटलं, अम्मी, दुआ, तर म्हणाली, थांब ना, बघू दे.

तवाफ म्हणजे काब्याला सात फेरे, काबा आपल्या डाव्या हाताला, हज्रे अस्वद या काळ्या दगडापासून सुरू, तिथं समोर हिरवा दिवा असतो. मग मकामे इब्राहिम या जागेच्या मागं दोन रकात नमाज, झमझमचं पाणी, आणि मग सई. सईबद्दल मला थांबून बोलायचंय. हजरत इब्राहिमनी बीबी हाजरांना आणि तान्ह्या इस्माईलला त्या ओसाड खोऱ्यात सोडलं, पाणी संपलं, बाळ तडफडायला लागलं, आणि ती आई सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, कुणी दिसतंय का म्हणून. मग तिथं झमझमचं पाणी निघालं. आज तिथं संगमरवर आहे, एसी आहे, सात खेपा मिळून तीन किलोमीटरच्या वर चालणं होतं. मी अम्मीची व्हीलचेअर ढकलत होते. हिरवे दिवे लागलेल्या पट्ट्यात पुरुष पळतात, बायकांनी पळायचं नसतं. जगभरातले पुरुष, धिप्पाड, म्हातारे, पोरं, सगळे एका एकट्या बाईच्या धावण्याची नक्कल करत माझ्या बाजूनं पळत होते. त्या बाईसोबत त्या खोऱ्यात कोणता मेहरम होता? मला मोहल्ल्यातली सगळी चर्चा आठवली आणि मी तिथंच ठरवलं की आता यावर कुणाशी वाद घालायचा नाही, विचारलं तर फक्त सई सांगायची.

26 जूनला, म्हणजे 8 जिल्हजला मक्केजवळच्या मिनाच्या तंबूत गेलो. गादी एवढी अरुंद की कुशीवर वळायचं तर बाजूच्या खालांनाही वळावं लागे. दुसऱ्या दिवशी अरफातचं मैदान. हज म्हणजे अरफा, असं पैगंबरांचं म्हणणं आहे, हा दिवस चुकला तर हजच झाला नाही. आणि तिथं करायचं काय, तर काहीच नाही, दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत थांबायचं आणि मागायचं. त्या वर्षी 18 लाख 45 हजार लोक होते. ऊन 45 च्या आसपास, नागपूरचा मे अंगात मुरलेला असूनही तळपाय भाजत होते, कूलरची हवा तंबूच्या एका कोपऱ्यापर्यंतच. इथंच 632 साली पैगंबरांनी आपल्या एकमेव हजमध्ये खुतबा, म्हणजे प्रवचन, दिला. मी कॅम्पमध्ये तो समजून घेतला होता. त्यात एकमेकांचं रक्त, एकमेकांची मालमत्ता हराम असल्याचं आहे, अमानत परत करायचं आहे, बायकांच्या हकाचं आहे, व्याज रद्द केल्याचं आहे, आणि सगळ्यात आधी कुणाचं व्याज रद्द केलं तर स्वतःच्या चाचांचं, हजरत अब्बासांचं, जे लोकांकडून यायचं होतं ते. घरच्या चाचापासून सुरुवात. मला एकदम कामठीचा उंबरा दिसला.

अम्मीनं वही सोबत आणली होती. असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या, नमाजनंतर तंबूच्या बाहेर निघाली, माझ्या खांद्याला धरून उभी राहिली, बस म्हटलं तर बसली नाही. हात वर केले आणि वहीतल्या नावांनी दुआ सुरू केली. मला वाटलं अब्बांचं नाव पहिलं येईल. पहिलं नाव चाचीचं आलं. तिच्या गुडघ्यांसाठी, तिच्या मुलाच्या दुकानासाठी, तिच्या घराच्या बरकतीसाठी, त्याच घराच्या. मला आमीन म्हणायचं होतं, घशातून निघेना. दुसऱ्या, तिसऱ्या नावाला म्हटलं आणि मग काकूंच्या नातवाच्या नोकरीला जोरात म्हटलं. मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, व्हायला आली तेव्हा मी एकटीनं, हळू आवाजात चाचीसाठी मागितलं, चाचांसाठी अजून नाही मागू शकले. जसं झालं तसं लिहितेय.

रात्र मुझदलिफात, उघड्यावर, चटईवर. मोबाईलच्या उजेडात खडे वेचले, हरभऱ्याएवढे, माणशी 49, दोघींचे मिळून 98, अम्मीनं मोजून दोन पिशव्यांत भरले. बस पहाटे आलीच नाही, चार तास उभं राहावं लागलं, वयस्कर बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, ही व्यवस्था सुधारायलाच हवी, एवढे पैसे घेऊन म्हाताऱ्या माणसांना कुणी पाणीही विचारत नाही हे बरं नाही. 10 जिल्हजला मोठ्या जमरातला, म्हणजे सैतान मानून खडे मारायच्या खांबाला, सात खडे, अम्मीला गर्दी झेपणार नव्हती म्हणून आधी माझे मारले मग तिचे. कुर्बानी कुपनावर होती, झाल्याचा निरोप आला, मग केस.

पुरुष डोकं भादरतात, बायकांनी बोटाच्या एका पेराएवढे केस कापायचे. खालांच्या शिवणाच्या डबीतली छोटी कात्री होती. अम्मीनं वेणीचं टोक पुढं घेतलं, पांढरं, पातळ, माझ्या करंगळीइतकंही जाड नाही. लहानपणी हीच वेणी धरून मी तिच्या मागं बाजारात चालायची, तेव्हा मुठीत मावत नव्हती. मी पेर लावून मोजलं आणि कापलं. मग तिनं माझे कापले, चष्मा नव्हता म्हणून बोटांनी चाचपून. कापलेले दोघींचे केस तिनं रुमालात एकत्र बांधले.

29 जूनला मिनात होतो, नागपुरात त्या दिवशी बकरी ईद, आणि त्याच दिवशी आषाढी एकादशी. काकूंचा व्हॉइस मेसेज आला, काका पंढरपुरात दर्शनबारीत उभे आहेत, 18 तास झाले, तुमचं तिकडं कसं चाललंय, पायाला सूज असेल तर मीठ-पाण्यात ठेव. अम्मीनं तो मेसेज चार वेळा ऐकला आणि तंबूतल्या सगळ्यांना ऐकवला, खालांना मराठी कळत नव्हतं तरी.

मदिन्याचे आठ दिवस कसे गेले कळलं नाही, त्यावर वेगळं लिहीन. जुलैच्या शेवटी नागपूरला उतरलो तेव्हा पाऊस लागला होता, एअरपोर्टवर माणशी पाच लिटर झमझमचा कॅन मिळाला. लोक भेटायला येऊन राहिले, अम्मीला हज्जन म्हणायला लागले, तिला ते आवडत नाही, म्हणते नमाज पढणाऱ्याला नमाजी म्हणून हाक मारता का. छोट्या-छोट्या बाटल्यांत झमझम आणि खजूर वाटले.

एक कॅन तिनं उघडू दिला नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, कामठी. मी काही बोलले नाही, कॅन उचलला. चाचीनं दार उघडलं, अम्मीकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं, आणि आत जाऊन स्टीलचा ग्लास घेऊन आली. यावेळी आम्ही उंबऱ्याच्या आत होतो, कसं गेलो ते मला आठवत नाही. मी ग्लास भरला. चाची डोक्यावर पदर घेऊन किब्ल्याकडे, काब्याच्या दिशेला, तोंड करून उभी राहिली, तीन घोटांत प्यायली, पदराला तोंड पुसलं.

"थोडं खारट लागतं गं," ती म्हणाली.

"हो," अम्मी म्हणाली, "तसंच असतं ते."

चाचीनं ग्लास परत पुढं केला.